नर्सबाईंना गाडी पाहिजे

कंपाउंडरला लोक विचारतात, "इतकी वर्षं दवाखान्यात काढली, साठवलं काय?" आता काय साठवणार, डोंबल! लाल औषध लोक घेऊन गेले आणि रिकाम्या बाटल्या परत आणायला विसरले. किस्से मात्र कुणी नेले नाहीत. त्यातही एका गाडीपायी इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मधी तोंड घालतो.

निझाम जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. बेंबळीच्या पलीकडं एका खेड्यात आमचा सरकारी दवाखाना. स्टाफ म्हणजे डॉक्टरसाहेब, मी, शिपाई रहीमभाई आणि नव्यानं आलेल्या नर्स सुमनबाई. बाईंचे यजमान तापानं गेलेले, माहेरी कुणी नाही, सासरच्यांनी दार लावून घेतलेलं. सोबत दीड वर्षाची मंगल. कुठं बाळंतीण अडल्याचा निरोप आला की बाई निघायच्या. एका हातात औषधांची ट्रंक, कडेवर पोर!

वरचे साहेब तपासणीला आले. मंगल टेबलाखाली खेळत होती. ते बघून साहेब म्हणाले, "पोर घेऊन ड्युटी चालणार नाही. या पावसाळ्यात एक जरी कॉल चुकला, तर नोकरी गेली समजा."

बाईंनी मंगलला टेबलाखालनं उचलून कडेवर घेतलं. दोघींची भाकरी त्या नोकरीवर होती हो! मला तर त्या साहेबांचा असा राग आला होता की त्यांच्या खोकल्याच्या औषधात मी साखरच घातली नाही.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, पोर आणि ट्रंक वेळेवर पोचतील अशी गाडी हुडका."

*

पहिली आली हातगाडी. बाजारात केळी विकणाऱ्याकडनं रहीमभाईंनी मागून आणली. ट्रंक ठेवली, शेजारी मंगलला बसवलं, रहीमभाई ढकलायला लागले. गावाची शीव ओलांडली आणि काळ्या रानातल्या चिखलात चारी चाकं रुतली. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी बाईंनी मंगलला घेतलं, रहीमभाईंनी ट्रंक डोक्यावर घेतली, आणि दोघं पायी पोचले. बाळंतीण सुटली म्हणून बरं!

परत आल्यावर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "कशी आहे गाडी?"

रहीमभाई चिखल खरडत म्हणाले, "अजी साब, गाडी लई चांगली. पर केळ्याला घाई नसती!"

*

मग टांगा. टांगेवाला ऐटीत म्हणाला, "माझ्या टांग्यात मामलेदार बसलेत!" बसले असतील. पण मामलेदारांसोबत ट्रंक नव्हती. बाई मागं बसल्या, ट्रंक मागं ठेवली, मंगल मांडीवर. टांग्याचा सगळा भार मागं गेला, दांड्या वर उचलल्या गेल्या आणि घोड्याचे पुढचे पाय जमिनीवरनं सुटले! टांगेवाला दांडीला लोंबकळतोय, रहीमभाई "या अल्ला" म्हणतायत, बाईंचा चेहरा पांढराफटक.

कसंबसं सगळ्यांनी मिळून टांगा खाली आणला. आणि मंगल टाळ्या पिटत म्हणते, "आनी येकदा!"

*

तेव्हा डॉक्टरसाहेबांनी फर्मान काढलं, "आता ट्रायल घेतल्याशिवाय पोर गाडीत बसणार नाही." म्हणजे काय, तर मंगलच्या वजनाचं एक डांगर, लाल भोपळा हो, आणायचं, दुपट्यात गुंडाळायचं, गाडीत ठेवायचं आणि ओढ्यातनं पार जाऊन परत यायचं. माझं अर्धं आयुष्य औषधं तोलण्यात गेलं, पण डांगराला टोपडं घातलं ते तेवढं एकदाच!

गावातला एकजण शर्यतीचा छकडा घेऊन आला. बैल असे की उभ्या उभ्या नाचतायत. सुटला तो चिखल उडवत गेला आणि आम्ही तंबाखू मळेपर्यंत परतसुद्धा आला.

"पोचलो का न्हाय येळंवर?" त्यानं मिशीवर ताव दिला.

सुमनबाईंनी दुपटं उघडून बघितलं. म्हणाल्या, "पोचलात दादा. आता फोडणी तेवढी द्यायची राह्यली!"

*

राहिली तात्यांची दमणी. तात्या म्हणजे गावातलं कडक प्रस्थ. सगळं रीतीनं, शास्त्रानं. लेकींना सासरी धाडायला, सणाला आणायला त्यांनी ही कमानीची हलकी बैलगाडी करून घेतली होती. ती दुसऱ्या कुणाला द्यायचं नाव नाही. सुमनबाई मंगलला घेऊन विचारायला गेल्या, तर तात्या सरळ म्हणाले, "न्हाय जमायचं."

आतनं काकू आल्या, तात्यांची मंडळी. त्यांनी मंगलच्या हातावर गूळ ठेवला आणि तात्यांना म्हणाल्या, "आपल्या पोरी नांदायला गेल्या. दमणीत आता कोंबड्या बसत्यात. त्यांना विचारून सांगू का?"

झालं! दुसऱ्या दिवशी दमणी दवाखान्यापुढं उभी. कमानीला झोळी बांधली, झोळीत मंगल, खाली ट्रंक, हाकायला स्वतः तात्या. चाल बेताची, पण ओढ्यातनं जातानासुद्धा पोरीची झोप मोडायची नाही.

*

एका वस्तीवर गंमत झाली. तिथल्या बाळंतिणीच्या थोरल्या पोराला घरच्यांनी सांगितलं होतं, नर्सबाई गाडीतनं बाळ घेऊन येणार. पोरगं दारात वाट बघत बसलेलं. दमणी थांबली, बाईंनी आधी मंगलला खाली उतरवलं. मंगल तुरुतुरु चालत अंगणात गेली.

पोरगं ओरडत आत पळालं, "आये! ह्ये चालतंय! आपल्याला ल्हान पायजे हुतं!"

*

आणि मग आला पोळा. बैल धुतले होते, शिंगं रंगवली होती, झुली घातल्या होत्या. मिरवणूक निघायच्या बेतात. तेवढ्यात दोन कोसांवरनं एकजण धापा टाकत आला, "बाई, बायकू सकाळधरनं अडलीया. चला!"

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्याकडं कुणीच नाही ठेवत, मग तात्या काय ठेवणार? सुमनबाई ट्रंक घेऊन त्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. तात्यांनी हात जोडले. "बाई, आज मागू नका. आज ती देव हायत."

गावात दुसरं कोण देणार? मला साहेबांचे शब्द आठवले. बाई फक्त "बरं" म्हणाल्या. मंगलला पाठीशी बांधलं आणि ट्रंक डोक्यावर घ्यायला वाकल्या.

"थांबा!" तात्या ओरडले. त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, दमणीपाशी गेले आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "बैल जुतायचा न्हाय, एवढीच रीत हाय. माणसाचं कुणी काय सांगितलं न्हाय."

रहीमभाई कधी दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, कळलंच नाही. मी आणि निरोप घेऊन आलेला नवरा मागनं ढकलायला. मंगल झोळीत. दोन कोस! ओढ्याला कंबरेएवढं पाणी होतं, तिथं दमणी उचलून धरली. आम्ही पोचल्यावर तासाभरात पोरगी झाली, आई सुखरूप. कॉल चुकला नाही. सुमनबाई बाहेर आल्या, आम्हाला काही सांगायला गेल्या आणि दमणीच्या चाकाला धरून रडायला लागल्या. मीही रडलो, लपवायचं काय त्यात!

दिवस कलताना परत आलो. तात्यांच्या अंगणात बैल नटूनथटून पूजेची वाट बघत उभे. काकू ताट घेऊन बाहेर आल्या. बैलांकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ आल्या, तात्यांचे आणि रहीमभाईंचे पाय धुतले, कुंकू लावलं, एकेक पुरणपोळी दोघांच्या तोंडाशी धरली. रहीमभाईंनी मुकाट मान पुढं केली.

तात्या लाजून म्हणाले, "अगं, बैलं तिकडं हायत!"

काकूंनी वाटीत बोटं बुडवली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळतात, ते तूप-हळद होतं वाटीत. तात्यांची बंडी बाजूला सारून सुजलेला खांदा चोळत त्या म्हणाल्या,

"त्यांचे खांदे काल मळले. तुमचे ऱ्हायले हुते."