पाणी वतणारा हात

"हा फ्रॉक घाल," तो म्हणाला.

माही नात सात वर्षांची. शाळेच्या ड्रेसवर होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. त्यानं पिशवीतून फ्रॉक काढला. फ्रॉक नवाकोरा. कात्रीनं फाडलेला. फाटल्या जागचे धागे अजून पांढरे फटक.

तो म्हणजे आमच्या रिठदच्या मालकाचा नातू. मुंबईत चित्रं काढतो. माहा बाप त्याच्या आजाकडं सालदार होता, मी ढोरं राखायचो. म्हणून या पोरालेही मी मालकच म्हणत होतो. सवय. दुसरं काय?

आधी त्यानं मोबाईलवर आपली चित्रं दाखवली. "बाबा, आजच्या मुलांवर समाजाचं किती दडपण आहे, तेच मी काढतो." खरं सांगतो, चित्रं चांगली होती. शहरातलं एक पोरगं दप्तराखाली वाकलेलं. खांद्यावर मोठाले हात. बापाचे, मास्तरचे. दाबून राह्यलेले. पाहून मलेच धाप लागली.

आता त्याले गावचं बालपण पाहिजे होतं. त्यानं नातीले आमच्या अंगणात उकिडवं बसवलं. गालाले माती फासली. रिबिनी सोडल्या.

"ओंजळ धर. वरून पाणी पडतंय, तू पितेस."

त्याचा ड्रायव्हर बाटलीतून धार सोडू लागला, तो कागदावर काढू लागला. पोरीले काही जमेना. पाणी कोपरावरून खाली.

आन मी बोललो. माह्याच तोंडानं.

"कोपरं वर कर, बाई. ओंजळ तोंडाले लाव. डोये खाली."

तिनं मान वळवली. "आबा, तुमाले कसं माईत?"

बस. मी तिच्या ओंजळीकडं पाह्यलं.

साठ वर्षं झाली असतील. मालकाच्या घरामागं मी असाच बसायचो. भांड्याले हात लावायची मनाई. या पोराचा आजा वरून तांब्या वतायचा. बोटात सोन्याची आंगठी. मुद्दाम धार सरकवायचा, मी तोंड सरकवायचो. तो हसायचा. एकदा मी वर पाह्यलं. तर पुरा तांब्या तोंडावर मारला आन म्हणाला, "डोये खाली." तेच शब्द मी नातीले शिकवून राह्यलो होतो.

मी उठून त्याचा कागद पाह्यला.

"यात पानी वतनारा हात कुठी हाय?"

"हात कशाला, बाबा? नुसती तहान दिसली पाहिजे."

"शहरातल्या पोराच्या खांद्यावर हात हायेत. इथलाच काहून गायब? तुह्या आजाचा हात काढ. आंगठीसकट काढ. नाही तं उठ."

मी मालक म्हटलं नाही. त्याले ते समजलं. हसला. आजावाणीच हसला.

"तुमची नाही तर दुसरी मुलगी. शाळा मुलींनी भरलेली आहे. हेडमास्तर ओळखीचे आहेत."

मी पोरीचं तोंड धुतलं. रिबिनी तिनंच बांधल्या.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी शाळेसमोर उभी. काचा बंद. मागच्या सीटवर फ्रॉकांची थप्पी.

मी फाटकात बसलो. आज चौथा दिवस. गाडी येते, उभी राहते, कोणी उतरत नाही. मीही उठत नाही. आत जाणाऱ्या एकेका लेकराले थांबवून सांगतो, पाणी आपल्या हातानं घेऊन प्यायचं. आन कोणी वरून वतलं, तं तहान राहू दे बाजूले. पयले वर पाह्य. हात कोनाचा हाय, ते पाह्य.