पप्पांचा उरलेला शब्द

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ते वाचले, पण तोंडात एकच शब्द उरला. पाणी. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची असली तरी पाणी. त्यांना किती समजतं हे आत्ताच सांगता येणार नाही, असं उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले.

आईला मात्र शंकाच नव्हती. "टीव्ही बारीक कर म्हणतायत," ती सांगायची. "तुझी बाही उसवलीय म्हणतायत." कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू एकदा हसल्या, "वहिनी, ते एक पाणी म्हणतात आणि तुम्ही अख्खं पुराण सांगता!"

"आधी तरी कुठे फार बोलायचे?" आई म्हणाली. "एवढ्यावरच संसार केलाय."

मी हसले नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. अंबरनाथच्या कंपनीतून दमून आले तरी पप्पा विचारायचे, "आज काय शिकवलं?" ते आजारी पडले तेव्हा नुकतंच सरांनी शिकवलं होतं, की वाचणारा स्वतःच्या मनातलं कवितेत घालतो आणि तोच कवितेचा अर्थ आहे असं धरून चालतो. आईचंही तसंच होत असेल का? त्या शब्दाच्या आत पप्पा नसतीलच, आणि ती एकटीच बोलत असेल? हे मी कोणाला विचारू शकत नव्हते.

एका दुपारी आई औषधं आणायला गेली होती. पप्पा म्हणाले, "पाणी." मी ग्लास नेला. त्यांनी मान फिरवली. मी पंखा वाढवला, उशी सरळ केली. पुन्हा पाणी, या वेळी रागाने. मी रडकुंडीला आले. "पप्पा, मला नाही कळत."

मग चांगल्या हाताने त्यांनी पलंगाची कड थोपटली. मी बसले. "पाणी?" त्यांनी विचारलं. हो, विचारलंच. शेवटी आवाज वर गेला होता.

काय विचारलं, ते आजही मला नक्की सांगता येत नाही. चुकत असेन. पण मी कवितेच्या तासाला काय झालं ते सांगायला लागले. अडखळत, जमेल तसं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मध्येच थांबले की म्हणायचे, "पाणी." आणि मी पुढे सांगायचे.

आई आली तेव्हा मी अजून बोलत होते.