सीटखालचा नकार

सिद्धप्पाने आयुष्यात कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. ही त्याची ख्याती होती आणि ती त्याने मोठ्या मेहनतीने मिळवली होती.

मार्केट यार्डाजवळ त्याचं पेंडीचं दुकान, आणि दुकानाच्या बाजूला उभी असलेली त्याची म्हातारी डिझेल पिकअप. सोलापुरात ज्याच्या दारात पिकअप उभी असते, त्याच्या नात्यागोत्याला अंत राहत नाही. कुणाला घर बदलायचं असतं, कुणाला अक्कलकोटहून पाहुणे आणायचे असतात, कुणाला नुसतीच कपाटं इकडून तिकडे हलवायची असतात. मागणारा माणूस गाडी द्याल का, असं विचारत नाही. "उद्या गाडी लागंल की जरा," असं कळवतो. या कळवण्याला जो नाही म्हणतो, त्याच्या पानाकडे पुढच्या लग्नात वाढपी दुसऱ्यांदा फिरकत नाही. सिद्धप्पाला लग्नातली गव्हाची गोड हुग्गी फार आवडायची. तेव्हा नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं आणि गाडी देणं तर त्याहून नव्हतं.

जुन्या गाड्यांना चोरस्विच बसवायची पद्धत आहे. इंजिनातल्या डिझेल पंपाच्या डोक्यावर विजेवर चालणारी एक छोटी झडप असते. तिला करंट मिळाला की डिझेल पुढे जातं, करंट तुटला की इंजिन गप्प. त्या वायरीत मध्येच एक बटण घालून ते कुठंतरी दडवून ठेवायचं, म्हणजे चोराने आपला सेल मारत बसावं. लोक हा बंदोबस्त चोरांसाठी करतात. सिद्धप्पाच्या पिकअपकडे आजवर एकाही चोराने मान वळवून पाहिलं नव्हतं. चोरांनाही काही आवडनिवड असते. सिद्धप्पाने तो नातेवाइकांसाठी बसवला होता.

कार्यक्रम ठरलेला असे. पाहुणा आला की सिद्धप्पा आधी चहा सांगे, मग स्वतः चावी काढून त्याच्या हातात ठेवी. "घिऊन जावा की. गाडी तुमचीच हाय." पाहुणा सेल मारी. इंजिन घर्रघर्र करी आणि पेटत नसे. मग सिद्धप्पा बॉनेट उघडून आत टॉर्च मारी, हळहळे, चार जणांना बोलावून धक्का मारायला लावी आणि धक्का मारताना सगळ्यात जास्त घाम त्यालाच येई. शेवटी कपाळ पुसत म्हणे, "लई नाटकी गाडी हाय. नेमकी आपल्या मानसाच्या वक्ताला दगा देती." पाहुणा उलट त्याचंच सांत्वन करून जाई. गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं, की सिद्धप्पा देवमाणूस, गाडी मात्र हलकट.

खुद्द मेहुण्यालाही त्याने सोडलं नव्हतं. निंगव्वाचा धाकटा भाऊ श्रीशैल वायरिंगची कामं करायचा. त्याने हप्त्यावर फ्रिज घेतला तेव्हा तो मोठ्या भरवशाने चावी न्यायला आला. गाडीने नाटक केलं आणि ऐन वैशाखात श्रीशैलने तो फ्रिज हातगाड्यावरून सात रस्ता चौकापर्यंत ढकलत नेला. वाटेत त्याला ओळखीचे सगळे भेटले. सोलापुरात असं काही ढकलत निघालं की भेटतातच.

सिद्धप्पाने आणखी एक सुधारणा केली होती. डिझेलच्या काट्याची वायर सोडून ठेवल्यामुळे काटा कायम तळाला टेकलेला असे. चुकून कधी कुणाला गाडी द्यावीच लागली, तर तो भला माणूस काटा बघून आधी पंपावर जाई. सिद्धप्पाची टाकी त्यामुळे बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या सौजन्याने भरलेली असे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग निंगव्वाने भाकरीचा व्यवसाय काढला.

ज्वारीची पापडासारखी पातळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गल्लीतल्या चार बायका हाताशी घेऊन तिने घरच्या ओसरीवर सुरुवात केली. सिद्धप्पाने अर्थातच नाही म्हटलं नाही. "कर की," म्हणाला आणि तो नाद आपोआप बंद पडायची वाट बघत बसला. तो पडेना. मोहोळच्या पुढे महामार्गावर वैजयंती नावाच्या बाईंचा मोठा ढाबा होता. रविवारी पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांची तिथे झुंबड उडे. बाईंनी निंगव्वाच्या भाकरी चाखून बघितल्या आणि सांगितलं, की रविवारी जेवणाच्या गर्दीआधी माल गल्ल्याशेजारी मांडून द्या. वेळेत आला तर दर रविवारी तुमचाच घेईन, नाही आला तर वेळापूरची एक बाई टपूनच बसलीय.

कडक भाकरी ही जगातली सगळ्यात मानी वस्तू आहे. महिनाभर टिकते, पण एकदा गाडीत चढवलेली उतरवून दुसऱ्यांदा चढवली की तिचा चुरा होतो. म्हणून पहिल्या रविवारी निंगव्वाने एकेक चवड कागदात बांधून, क्रेटमध्ये खाली कडबा घालून, सगळा माल पिकअपमध्ये स्वतः लावला आणि पुढे सिद्धप्पाच्या शेजारी, चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसली.

कोंडी गाव ओलांडून गाडी जरा पुढे गेली आणि इंजिन बोलता बोलता थांबावं तसं थांबलं. ना धूर, ना खोकला. सिद्धप्पाने तिला कडेला घेतलं, सेल मारला. घर्रघर्र. पुन्हा मारला. घर्रघर्र. हा आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता, की त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लई नाटकी गाडी हाय."

निंगव्वाने त्याच्याकडे मान वळवून बघितलं. नवऱ्याला ती 'री' म्हणून हाक मारायची, अक्कलकोटकडच्या माहेरची सवय.

"री," ती म्हणाली, "माजा भाऊ फ्रिज न्यायला आल्ता तवा आसंच म्हनला हुता तुमी."

"मग? तवाबी नाटकच करत हुती."

"आज कुनाला द्यायची न्हाई गाडी?"

सिद्धप्पाने खाली उतरून बॉनेट उघडलं.

महामार्गावर बॉनेट उघडलं की माणसं कुठून जमतात हे कुणाला सांगता आलेलं नाही. दोन मोटारसायकली थांबल्या, शेतातला एक म्हातारा आला, एक ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर चालूच ठेवून उतरला. म्हाताऱ्याने आत न बघताच निदान केलं, "गरम झालीया, पानी वता." पाणी ओतलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बॅटरीच्या तारा घासा." तारा घासल्या. एका मोटारसायकलवाल्याने केबिनमध्ये डोकावून काटा बघितला आणि आख्ख्या जमावाकडे पाहून हसला.

"काका, डिझेल संपलंय की. काटा बगा."

"टाकी भरलेली हाय," सिद्धप्पा म्हणाला.

"आवो काटा तळाला टेकलाय."

"तो तसाच असतोय."

"मग भरल्याली कशावरनं?"

याचं उत्तर सिद्धप्पाकडे होतं, पण ते चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. तो मोटारसायकलवाला परोपकारी निघाला. कॅन घेऊन गेला, डिझेल घेऊन आला आणि ते भरलेल्या टाकीत ओतायला लागल्यावर निम्मं डिझेल त्याच्या बुटावर आलं.

तोवर कुणीतरी जवळच्या गॅरेजवरून बसूला बोलावून आणलं. बसू मिस्त्री पान खात आला, पान खात वाकला आणि पान खातच म्हणाला, "एअर घेतलीया." बसूच्या मते जगातल्या सगळ्या गाड्या एअर घेऊनच बंद पडायच्या, त्याच्या सासऱ्याच्या छातीत दुखलं होतं तेव्हाही त्याने प्रथम हेच सांगितलं होतं. त्याने फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हातपंप दाबला. डिझेलची चिळकांडी उडाली, एकही बुडबुडा नाही.

"एअर न्हाई," सिद्धप्पा म्हणाला.

"आत दडून बसलीया," बसू म्हणाला आणि पंप दाबत राहिला.

सिद्धप्पाला केव्हाच कळून चुकलं होतं. चालता चालता इंजिन बंद पडलं, सेल फिरतोय, डिझेल पंपापर्यंत येतंय. दोष कुठे असणार हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता. तो चप्पल शोधायच्या निमित्ताने ड्रायव्हर सीटजवळ वाकला. सीटखाली, टॉवेलाच्या मागे त्याने हात घातला, बटण चाचपलं, खाली केलं, वर केलं. पूर्वी ते टक् असा खणखणीत आवाज करायचं. आता ते बोटाखाली दाढ हलावी तसं हललं. इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांना नकार देऊन देऊन ते बिचारं झिजून गेलं होतं.

"काय शोधताय?" वरून निंगव्वाचा आवाज आला.

"चप्पल."

"पायात हाय."

इतक्यात श्रीशैल मोटारसायकलवर येऊन थांबला. निंगव्वाने फोन केला होता. हा माणूस सोलापुरातलं तमाम वायरिंग ओळखणारा. सिद्धप्पाला या घडीला जगात जो माणूस नको होता, तो नेमका हा.

"काय दाजी," श्रीशैल अगदी मायेने म्हणाला, "नाटक करतीया व्हय?"

"व्हय बाबा. तुला तर ठावंच हाय हिची तऱ्हा."

बसूने शेवटी पान थुंकलं आणि निकाल दिला. "अण्णा, पंप गेला. उतरवून सोलापूरला न्यावा लागनार. आज काय हुत न्हाई."

निंगव्वा खाली उतरली. डब्यासकट. सिद्धप्पाला तिने गाडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि आवाज न चढवता विचारलं, "खरं सांगा. तुमीच बंद केली न्हवं? माजी भाकर मोहोळला जाऊ ने म्हनून."

"न्हाई गं."

"भावाच्या वक्ताला केली हुती. मामाच्या पोरीच्या लग्नात केली हुती. मला काय कळत न्हाई?"

सिद्धप्पा आयुष्यात पहिल्यांदाच पेचात सापडला. आज तो निर्दोष होता. हे सिद्ध करायचं तर आधीचे सगळे गुन्हे कबूल करणं भाग होतं. आणि कबूल केले नाहीत, तर वेळापूरची बाई दर रविवारी भाकरी विकेल आणि दर रविवारी निंगव्वा त्याच्याकडे अशीच बघेल. त्याने क्रेटकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. जमलेल्या परोपकारी लोकांकडे बघितलं. त्यांतला एकही हलायचं नाव घेत नव्हता. मग त्याने त्याच्या मते फार चतुर असा मधला मार्ग काढला.

"बसू," तो मोठ्याने म्हणाला, "ह्या गाडीच्या जुन्या मालकानं कुटंतरी चोरस्विच बशिवला हुता म्हनत्यात. मंगळवेढ्याचा मानूस. लई संशयी. मला काय ठाव न्हाई, पन सीटखाली एकदा बग."

बसूने सीट उचलली. टॉवेल बाजूला केला. पिवळ्या वायरीचं टोक धरून ओढलं आणि मंगळवेढ्याच्या संशयी माणसाचं बटण सगळ्यांसमोर उजेडात आलं.

ते पांढरं होतं. घराच्या भिंतीवर असतं तसलं, मध्ये लाल ठिपका असलेलं. एका कडेला वाळलेल्या शेंगाचटणीचा डाग होता.

श्रीशैलने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "आक्का," तो म्हणाला, "ह्यो तुज्या सैपाकघरातला. मीच बशिवला हुता."

निंगव्वाच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर मिक्सरच्या बटणाच्या जागी कित्येक वर्षं एक चौकोनी भोक होतं. ते बटण उंदराने नेलं, असं सिद्धप्पाने सांगितलं होतं. नवं आणायला तो कधीच नाही म्हणाला नव्हता. "आनतो की," म्हणत आला होता. तोवर निंगव्वा मिक्सर उचलून रोज बाहेरच्या खोलीत नेऊन चटणी वाटायची, टीव्हीची वायर काढून.

"उंदरानं नेलं म्हनला हुता न्हवं?" तिने विचारलं. म्हाताऱ्याने बटणाकडे वाकून बघितलं. "उंदीर भारी मोठा हाय की."

बसूने दोन वायरींची टोकं सोलून एकमेकांना पीळ दिला, वर टेप गुंडाळला आणि सेल मारायला सांगितलं. बॅटरी निम्मी मेली होती. सगळ्यांनी मिळून धक्का मारला, श्रीशैलने सगळ्यात जोरात. इंजिन पेटलं. "एअर निगून गेली," बसू म्हणाला.

वैजयंतीबाईंच्या गल्ल्याशेजारी भाकरीच्या चवडी लागल्या तेव्हा पहिल्या गाड्या नुकत्याच वळत होत्या. एका क्रेटमधल्या मोजक्या भाकरी मोडल्या होत्या. त्या निंगव्वाने परतीच्या वाटेवर सिद्धप्पाला खायला दिल्या. एवढाच काय तो संवाद झाला.

बटण स्वयंपाकघरात परत आलं नाही, ते झिजलेलंच होतं. श्रीशैलने नवं बसवून दिलं आणि जाता जाता म्हणाला, "दाजी, शनवारी गाडी लागंल की जरा. कपाट हाय." वायरी थेट जोडलेल्या. सिद्धप्पाने चावी दिली. गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. ती बातमी यार्डात, गल्लीत, नात्यात पसरायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. पुढचे काही आठवडे सिद्धप्पा पेंडीची पोती हातगाड्यावरून आणत होता आणि त्यालाही वाटेत ओळखीचे सगळे भेटत होते.

एके दिवशी अक्कलकोटचा एक लांबचा पाहुणा दारात आला. "सिद्धप्पा, रविवारी गाडी लागंल की जरा."

"न्या की," सिद्धप्पा म्हणाला. "गाडी तुमचीच—"

आत मिक्सर थांबला.

"रविवारी गाडी मोहोळला जाती," निंगव्वा आतूनच म्हणाली. "मिळनार न्हाई." आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

सिद्धप्पा थक्क झाला. एवढंच करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्याचं तोंड उतरलेलं पाहून त्याने खुर्ची पुढे ओढली, कपाळावरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून हळहळत म्हणाला,

"मी कवाच दिली असती ओ. पन आमच्या घरातलं मानूस... लई नाटकी हाय."

पाहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आतला मिक्सर पुन्हा थांबला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.