साडूंचा सायलेन्सर

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी माझ्या थोरल्या साडूंएवढा हट्टी माणूस सापडायचा नाही. आणि हे मी म्हणतोय, ज्यानं चौथीत गुरुजींशी भांडून शाळा सोडली ती आजतागायत परत धरली नाही. कराडहून कडेगावकडं येताना डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. दोघी बहिणी याच गावात दिलेल्या, थोरली त्यांना आणि धाकटी मला. साडू पलटणीतून सुभेदार होऊन आले, पण अजूनही दाढी केल्याशिवाय म्हशीसमोर उभे राहत नाहीत. भाकरीचे चार तुकडे करतात ते पट्टी लावून कापल्यासारखे. एका लग्नात अक्षता उशिरा पडल्या तर हे मांडव सोडून बाहेर उभे. "मुहूर्त टळला. आता हे निस्तं जेवाण हाय," म्हणाले. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत.

त्यांच्या पुण्यातल्या मुलानं डोंगरात उड्या मारायची एक उंच गाडी घेतली होती, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर. पहिल्याच महिन्यात त्याची कंबर धरली आणि गाडी गावाकडं येऊन पडली. साडूंनी पासष्टाव्या वर्षी तिच्यावर टांग टाकली. खिंडीपलीकडं माळावर त्यांची वैरणीची पट्टी आहे, वाट म्हणजे नुसते धोंडे. तिथं रोज जायचे. कंपनीचा सायलेन्सर इतका गरीब की गाडी दारात आली तरी कळू नये. आम्हाला त्याचं काही नव्हतं, पण आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, ऐकायला कमी येतं. एकदा साडू ओढ्यात घसरले आणि यायला उशीर झाला, तेव्हापासून चार वाजले की आक्का अंगणात उभ्या. गुडघे ठणकायचे, तरी बसायच्या नाहीत. कानाचं मशीन आणलं, तर "कानात किडा गेल्यागत हुतंय" म्हणून मिठाच्या बरणीमागं ठेवून दिलं. मग साडूंनी ठरवलं, गाडीलाच असा आवाज द्यायचा की हिला तो लांबूनच ऐकू यावा आणि हिनं खाटेवर बसून राहावं.

सांगलीहून त्यांनी बाहेरचा मोकळा सायलेन्सर आणला. त्याच्या तोंडातलं बूच काढून गाडी चालू केली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती परवा परत आली. सरपंच धावत आले. "सुभेदार, गाव हाय हे, फायरिंग रेंज न्हवं!" आणि आक्का आतून विचारतायत, "आवं, भांडी कशानं हालत्यात?"

तेव्हा कुठं ध्यानात आलं. आक्कांना फुटका, कर्कश आवाज पोचत नाही. पोचला तर जाड आवाज पोचेल, जात्याच्या घरघरीसारखा. म्हणजे आवाज जाड पाहिजे, पण मोठा नको. हे काम सोपं नाही. मी चाळीस वर्षं विहिरींवरची इंजिनं खोलली आहेत, म्हणून सांगतो. सायलेन्सर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल कमी पडतं, आणि उतारावर मूठ सोडली की फटाके. प्लग काढला तर चुन्यासारखा पांढरा.

"पेट्रोलचा जेट मोठा घाला," मी म्हणालो.

"पाव्हणं, तुमचं ते विहिरीवरचं धूड. ही गाडी हाय."

"हवा त्यालाबी लागती आन् हिलाबी!"

नाही ऐकलं. आठ दिवस हवेचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसले. नवव्या दिवशी जेट बदलला आणि मलाच सांगतात, "माज्या आधीच डोक्यात हुतं." प्लग बिस्किटाच्या रंगावर आला, म्हणजे पेट्रोल जुळलं. मग आवाज दाबायला आत काथ्या भरला, तर गावभर गादी जळाल्याचा वास. मग काचेची लोकर भरली. मग बोअरच्या पाइपाचा वीतभर तुकडा जोडून नळी लांबवली. प्रत्येक वेळी साडू खिंडीतून उतरणार, आक्का खाटेवर, ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा, आणि गाडी तेव्हा कुठं होती ते मी ध्यानात ठेवायचं. दोन महिने गाडी दाराशी आल्यावरच हात वर व्हायचा. एके दिवशी गाडी खिंडीखालच्या पाझर तलावापाशी असतानाच आक्कांचा हात वर! साडूंना सांगितलं तर त्यांनी टाचा जुळवून आक्कांना सलाम ठोकला. कपाळावर ऑइलची चार बोटं उठली.

ते तोंड धुवायला गेले तशा आक्का मला हळूच म्हणाल्या, "पाव्हणं, मला कुठलं ऐकू येतंय? गाडी आली की तळ्यावरची बगळी उठत्यात, ती दिसली. सांगू नगा. न्हाईतर ह्ये पुन्यांदा गाडी खोलून बसत्याल. दोन म्हैनं सुखानं जेवल्यालं न्हाईत."

मी सांगितलं नाही. पावसाळा-हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात तलाव आटला, बगळे गेले, आणि आक्का परत अंगणात उभ्या राहायला लागल्या. आता चार वाजले की मी तिथं जाऊन बसतो. खिंडीत ती घुमघुम सुरू झाली की काठीचं टोक हळूच खाटेच्या पायाला ठोकतो, खाटेला हादरा बसतो. आक्का हात वर करतात. साडू उतरून म्हणतात, "बघितलं? पाइपाची कमाल!" मी म्हणतो, "जेटाची." आणि मग आमचं जे जुंपतं ते चहा येईपर्यंत.

मध्ये मला दोन दिवस ताप होता, गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर साडू अंगणात सायलेन्सर खोलून बसलेले, ताट झाकलेलं, आणि आक्का दारात उभ्या. दोन दिवस त्यांचा हात वर झाला नव्हता. तेव्हापासून मी आजारी पडायचं सोडून दिलंय. हल्ली माझ्या डाव्या कानात रातकिडा बसल्यासारखं होतं. कुणाला सांगितलेलं नाही. उजवा कान खिंडीकडं करून बसतो.