अर्ध्या बोलपटावरचा पुरा अभिप्राय

आमच्या गावात त्या खुनाच्या बोलपटावर सर्वांत जास्त कोण बोललं असेल तर मी. आणि तो अर्धाच पाहून उठलेला माणूसही, माझ्या माहितीप्रमाणे, मी एकटाच.

जळगावात तेव्हा कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की जिनाच्या मोकळ्या आवारात फिरत्या सिनेमाचा तंबू पडायचा. त्या वर्षी तंबूवाल्याने आणलेला बोलपट एका रहस्यकादंबरीवरून काढलेला होता. कादंबरी आमच्या वाचनालयात होती, आणि वाचनालयाचा चिटणीस मी असल्यामुळे ती बहुतेक वेळ माझ्याच घरी असायची. दुपारी अक्का ओट्यावर वाती वळत बसायची आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धरणगावचं सासर सुटल्यावर ती आमच्याकडेच राहत होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण कादंबरी दोनदा ऐकल्यावर ती माझ्यावर चिडायची, की मधलं पान का गाळलंस.

पहिल्याच खेळाला मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. लोक माझ्याकडे वळून बघत होते, कारण गोष्ट मला ठाऊक होती. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात पडद्यावरचं कपाट करकरत उघडलं आणि आतून एक हात बाहेर लोंबला. हा प्रसंग मी घरी किती रंगवून वाचला होता. कपाटात प्रेत आहे हे त्या तंबूत मला सर्वांच्या आधी माहीत होतं. तरीही पान थुंकायला जातो असं पुटपुटत मी उठलो. पान मी खाल्लेलं नव्हतं.

बाहेर शेंगावाल्याजवळ बसून राहिलो. आत किंकाळ्या, मग एक पद, मग टाळ्या. खेळ सुटल्यावर मी गर्दीत मिसळलो आणि उरलेली गोष्ट लोकांच्या बोलण्यातून गोळा केली. कादंबरीत खून चुलता करतो, बोलपटात तो डॉक्टरवर ढकलला होता. चुलत्याचं काम करणाऱ्या नटाला दोन पदं दिलेली. इतका गोड गळा असलेल्या माणसाला फाशी दिली तर लोक तंबू फाडतील, असं कंपनीला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून चौकातल्या शिंप्याच्या दुकानात दोन पक्ष पडले, एक पुस्तकाचा आणि एक बोलपटाचा. पुस्तकपक्षाचा पुढारी अर्थातच मी. शेवट बदलून मूळ कृतीचा आत्माच काढून घेतला आहे, असं मी म्हणालो. शिंपी म्हणाला, डॉक्टरच खुनी बरा, चुलते घरोघरी असतात, उगाच कशाला संशय. एका वकिलाचा आक्षेप होता की फौजदाराने जबाब घेतला तेव्हा पंच कुठे होते. कापसाच्या दलालाला पदं आवडली होती, पण एक गोष्ट खटकली होती. कपाटातल्या प्रेताचं पोट खालीवर होत होतं म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. ज्याला बघून मी तंबूबाहेर पळालो, ते प्रेत व्यवस्थित श्वास घेत होतं.

घरी अक्काने मात्र माझी पाठ सोडली नाही. कपाट कसं होतं, हात उजवा की डावा, चुलत्याने अंगठी कुठे लपवली. दुकानात मोठे शब्द वापरून निभावत होतं, तिच्यापुढे ते चालणारे नव्हते. लहानपणी अंधार पडल्यावर परसात जायचं तर कंदील घेऊन माझ्याबरोबर तीच यायची. तिने तो हात एकदा पडद्यावर पाहिला असता तर मी कोणत्या क्षणी उठलो हे तिने अचूक सांगितलं असतं.

आणि ती पाहणार होती. आमच्याकडच्या बायका एरवी तंबूत जात नसत, पण दुपारी खास त्यांच्यासाठी एक खेळ व्हायचा. अक्काने शेजारणींना गोळा करून ठेवलं होतं, नेसायचं लुगडंही काढून ठेवलं होतं. तेवढ्यात तंबूवाला वाचनालयात आला. बायकांसाठी हाच बोलपट लावू का, असं त्याने चार वडीलधाऱ्यांना विचारलं. ते माझ्याकडे बघू लागले. पुस्तक वाचलेला मी, बोलपट पाहिलेलाही मीच.

मी म्हणालो, "बायकांना हा आवडायचा नाही. त्यांच्या काळजाला झेपणारा नाही तो."

त्याने बायकांसाठी एका संताचा बोलपट लावला. अक्का जाऊन आली. संत चांगला होता म्हणाली. लुगड्याची घडी घालून ते परत ठेवलं, आणि त्यानंतर त्या कादंबरीचं नावही काढलं नाही.

तो बोलपट पुन्हा कधी येईल असं वाटलं नव्हतं. पण काही वर्षांनी धुळ्याला लागल्याचं कळलं. तोवर अक्काचे केस पिकले होते, माझे विरळ होऊ लागले होते. या वेळी मीच तिला म्हणालो, चल. माझं तेव्हाचं वाक्य तिच्या कानावर गेलेलं होतं. तिने विचारलं, आता काळीज मोठं झालं का बायकांचं? तरी आली. धुळ्याच्या थिएटरात बायकांची जागा आडपडदा लावून वेगळी केलेली होती. मी पुरुषांत बसलो आणि या वेळी शेवटपर्यंत बसायचं असं ठरवलं. कपाट करकरलं. मी बाहेर आलो.

खेळ सुटला तेव्हा मी पायरीवर होतो, पायाशी शेंगांची टरफलं. अक्का समोर येऊन उभी राहिली. तिने आधी टरफलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मी सगळं सांगितलं. त्या वेळीही असाच उठलो होतो हे, आणि बायकांसाठी तो का लावू दिला नाही तेही.

परतीच्या सर्व्हिस मोटारीत बसलो, पारोळं गेलं. एरंडोलला मोटार पाणी घ्यायला थांबली, तेव्हा ती म्हणाली, "तू भ्यायना, त्यानं काही नही. पन तुना भेवपायी माले घर बसाडं."

मी भ्यालो याचं तिला काही नव्हतं, माझ्या भीतीपायी तिला घरी बसवलं याचं होतं. मोटार पुन्हा निघाल्यावर, उत्तर मिळेल अशी आशा नसतानाही, मी विचारलं, "अक्का, कसा वाटला?"

"तूच सांग," ती म्हणाली. "बायासले काय आवडस ते तुलेच माहीत शे."

शिंप्याच्या दुकानात मी खरं सांगून टाकलं. कोणाचा विश्वास बसला नाही. वकील म्हणाले, अर्धा पाहून इतकं बोलता येत नाही. त्यांना माझ्याविषयी अजून आदर आहे.

यंदा तंबू पडला तेव्हा मी होऊन तंबूवाल्याला सांगितलं, बायकांना काय दाखवायचं ते बायकांनाच विचार. त्यांनी भुताचा बोलपट निवडला. तो पाहून आल्यावर अक्का आणि शेजारणी मागच्या पडवीत बसून तावातावाने बोलत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर सगळ्या गप्प झाल्या. अक्काने तांब्या भरून दिला आणि मी तिथून जाईपर्यंत वाट पाहिली.