लाल लोकरीच्या बरण्या

लिओटा ब्रँडवोल्डच्या हातची फरसबी खाऊन कुणी आजारी पडलं, असं मिनेसोटातल्या त्या गावात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. जिल्ह्याच्या जत्रेत वर्षभर टिकवायला घरी भरलेल्या भाज्यांच्या बरण्यांची स्पर्धा असते. तिथली पहिल्या नंबरची निळी फीत लिओटानं एकोणीस वेळा आणली होती. दोनदा ती तिच्या नणंदेला, आयडेलाला मिळाली. त्या दोन्ही वर्षी परीक्षक नवखे होते, असं लिओटाचं ठाम मत होतं.

नवरा ऑरिन जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती नदीकाठच्या घरात एकटी राहायची. दारातलं बर्फ स्वतः काढायची, गाडी स्वतः चालवायची, आणि "मला कुणाची गरज लागत नाही" हे दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. ऐकायला घरात मांजरसुद्धा नव्हतं.

आणि गेल्या वर्षभरात तिला दिसेनासं झालं होतं. सगळंच नाही. जिथे नजर रोखावी नेमका तिथेच एक राखाडी डाग येऊन बसायचा, कडेकडेचं तेवढं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड नाही. हे तिनं कुणालाही कळू दिलं नव्हतं. मुलगा कर्टिस आधीच दोन वर्षं मागे लागला होता, की घर विक आणि आमच्याकडे राहायला ये. डोळ्यांचं कळलं असतं तर तो विचारत बसला नसता, सामान बांधायलाच आला असता. मार्चमध्ये तिनं गाडीनं रस्त्याकडेची आपलीच टपालपेटी आडवी केली आणि खापर बर्फ काढणाऱ्या गाडीवर फोडलं. कर्टिसनं त्या ड्रायव्हरला चार शिव्या घालून नवी पेटी बसवून दिली. लिओटानं तेव्हा मान खाली घालून त्याला कॉफी दिली.

ऑगस्टात फरसबी आली. फरसबी म्हणजे काही लोणचं नव्हे, की व्हिनेगर घातलं आणि सुटलो. भरलेल्या बरण्या प्रेशरच्या मोठ्या पातेल्यात ठेवायच्या, झाकणावरच्या तबकडीचा काटा ठरल्या आकड्यावर आणायचा आणि पुरी पंचवीस मिनिटं तिथून ढळू द्यायचा नाही. काटा घसरला तर बरणीत विष धरतं. त्याला वास नसतो, चव नसते. आधी माणसाच्या पापण्या लोंबतात, मग जीभ जड होते, मग श्वास. लिओटानं हे लहानपणी आईकडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की बरणी उघडताना ती अजूनही आधी झाकण बोटानं दाबून बघायची.

त्या दिवशी ती तबकडीसमोर उभी राहिली. तबकडी दिसली, काटा दिसला नाही. मान वाकडी करून बघितलं, नाक टेकेपर्यंत वाकून बघितलं, वाफेनं गाल भाजून घेतला. शेवटी वाफेच्या आवाजावर भरवसा ठेवून तिनं सात बरण्या उरकल्या आणि रात्रभर तळमळत राहिली. सकाळी उठून तिनं ऑरिनचा जुना स्वेटर उसवला आणि त्याच्या जाड, खरखरीत लाल लोकरीचा एकेक तुकडा त्या सातही बरण्यांच्या गळ्यात बांधला. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता, तिला ती वाचता आली नसती. लोकर बोटांना कळत होती.

त्या फेकायच्याच होत्या. पण कचरा दर शनिवारी कर्टिस न्यायचा, आणि एकोणीस फितींची आई सात भरल्या बरण्या फेकते म्हटल्यावर तो गप्प बसला नसता. बर्फ पडायच्या आत बागेत पुरून टाकू म्हणता म्हणता जमीन गोठली. बरण्या तळघरात खालच्या फळीवर राहिल्या. गेल्या वर्षीच्या, डोळे धड होते तेव्हाच्या, वरच्या फळीवर होत्या.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या, आभार मानायच्या सणाच्या, आदल्या दिवशी कर्टिस, त्याची सात महिन्यांची गरोदर बायको रने आणि सात वर्षांची मारेन येऊन दाखल झाली. मारेनकडे दरवर्षीचं काम होतं. पाइनच्या वाळक्या फळांच्या टर्क्या करून प्रत्येकाच्या ताटापुढे एकेक मांडायची. त्या घरात कर्टिस पोरगा होता तेव्हापासून ही पद्धत होती, विकतचं काही मांडायचं नाही. पोरीनं संध्याकाळभर घर पालथं घातलं. बटणं, पिसं, चिंध्या, डिंक. लिओटा बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटत होती. त्याला डोळे लागत नाहीत, हात पुरतात.

गुरुवारी सकाळी टर्की ओव्हनच्या भट्टीत गेली तेव्हा तिनं मारेनला हाक मारली.

"पोरी, तळघरातून फरसबीच्या चार बरण्या आण. लोकर बांधलेल्या नकोत हं. बिनलोकरीच्या आण."

"बिनलोकरीच्या," मारेननं पाठ केलं आणि पळाली.

चार बरण्या आल्या. लिओटानं प्रत्येकीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. लोकर नव्हती. तिनं निर्धास्त मनानं फरसबी थाळीत ओतली, वर मश्रूमचं सूप, वर तळलेला कांदा, आणि सगळं भट्टीत सरकवलं.

दुपारी आयडेला आली, आली ती तोंड चालवतच.

"काय गं लिओटा, टर्की यंदा तरी शिजलीय ना? का दात घरी ठेवून येऊ?"

"तुझे दात घरीच असतात की. पेल्यात."

कर्टिस हसला. सगळे टेबलाभोवती बसले. ताटं वाढून झाली. टर्की, तिच्या पोटातलं सारण, क्रॅनबेरीची चटणी, लेफ्से आणि प्रत्येकाच्या ताटात डावभर फरसबी. पण काट्याचमच्याला हात लावायचा नाही. आधी एकमेकांचे हात धरायचे आणि प्रत्येकानं यंदा कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं. शेवटी घरातल्या मोठ्या माणसाची पाळी.

हात धरायच्या आधी लिओटानं आपल्या ताटापुढची पाइनची टर्की चाचपली. फळाचे खवले, पाठीला पिसं, डोळ्यांना बटणं. चोचीखाली लोंबतं ते मऊ... मऊ नव्हतं. जाड होतं. खरखरीत होतं.

तिचं बोट तिथेच थिजलं.

"मारेन," ती हळूच म्हणाली, "ही लोकर कुठली गं?"

"तळघरातली! बरण्यांना होती ना, ती. टर्कीच्या गळ्याला लाल पाहिजेच असतं, आजी. सात तुकडे मिळाले. आपण पाच जण, म्हणून पाच लागले. दोन बाळासाठी ठेवलेत."

लिओटाच्या कानांत वाफेसारखा सूं आवाज भरला. पोरीची काय चूक? लोकर काढल्यावर सगळ्याच बरण्या बिनलोकरीच्या झाल्या होत्या, आणि तिचा हात पोहोचत होता तो खालच्याच फळीवर.

आयडेलानं सुरुवात केली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल देवाचे आभार. लिओटाच्या एका हातात तिचा हात होता, दुसऱ्यात रनेचा. रनेचा हात ऊबदार होता आणि तिचं पोट टेबलाला टेकलं होतं. लिओटाच्या मनात भराभर युक्त्या येऊ लागल्या. थाळी पाडावी का? पण ताटं आधीच वाढलेली. खारट झालंय म्हणावं? आयडेला मुद्दाम चाखून बघेल. केस निघाला म्हणावं? हो, केस. केस निघाला म्हणायचं, सगळ्यांची फरसबी गोळा करायची. कुणाला काही कळणार नाही. घर राहील, गाडी राहील. तिला त्या विचाराची लाज वाटली आणि तरी ती त्याला घट्ट धरून बसली.

मारेननं बर्फाबद्दल आभार मानले. रनेनं बाळाबद्दल. मग कर्टिसची पाळी आली.

"मी आईच्या फरसबीबद्दल," तो म्हणाला. "आणि चोरीची कबुली देतो. मघाशी भट्टीतून काढल्यावर कोपऱ्यातली दोन-तीन डाव उडवलीय मी."

"चाळिशी उलटली तरी सवय जात नाही मेल्याची," आयडेला म्हणाली. सगळे हसले, आणि सगळ्यांची तोंडं लिओटाकडे वळली. तिची पाळी होती.

तिला पाच वर्षांचा कर्टिस आठवला, ओट्याशी उभा, तोंडाला कांदा चिकटलेला. समोरच्या कर्टिसचे फक्त कान दिसत होते. केसाची युक्ती आता कामाची नव्हती, फरसबी त्याच्या पोटात गेली होती.

"कुणी खाऊ नका," ती म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "फरसबी कुणी खायची नाही! रने, काटा ठेव! विषारी असेल ती. कर्टिस, अरे, तू का खाल्लीस रे!"

मारेन रडायला लागली. रनेनं खुर्ची मागे ढकलली आणि फोन उचलला. विषबाधेच्या मदतकेंद्रातल्या नर्सचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा तिनं फोन टेबलावर ठेवला.

"भट्टीत किती वेळ होतं?"

"पाऊण तास," लिओटा म्हणाली.

"त्यानं विषाचा जोर कमी होतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. बरण्या भरताना काटा कितीवर होता?"

लिओटानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाई, काटा किती दाखवत होता?"

"मला दिसला नाही."

"म्हणजे बघितला नाहीत?"

"बघितला. दिसला नाही. मला दिसत नाही." तिनं समोरचं ताट दूर सारलं. "वर्ष झालं."

टोमण्याशिवाय श्वास न घेणारी आयडेलासुद्धा ताटाकडे बघत राहिली.

नर्स कर्टिसशी बोलू लागली. लक्षणं बहुधा दीड दिवसात दिसतात, कधी जास्त दिवस लागतात. दोन-दोन दिसणं, धूसर दिसणं, पापणी जड होणं, काहीही झालं तर त्या क्षणी इस्पितळ गाठायचं. "आत्ता तुम्हाला नीट दिसतंय?"

कर्टिसनं रिकामी बरणी उचलून तिच्या झाकणावरचे बारीक आकडे मोठ्यानं वाचले. मग तीच बरणी आईसमोर धरली.

"आई, तू वाच."

तिनं मान वाकडी केली, दुसरीकडे वाकडी केली. "वाच ना," तो म्हणाला. "मार्चमधली टपालपेटी..."

"मीच."

"गेल्या आठवड्यात मारेनला गाडीतून आइस्क्रीम खायला घेऊन गेलीस तू!"

लिओटानं बरणी त्याच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

ते तीन दिवस लिओटाच्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस ठरले. कर्टिस तिथेच राहिला. दर दोन तासांनी ती त्याच्या खुर्चीपाशी यायची आणि विचारायची, "किती बोटं?" तो सांगायचा, "तीन." तिला स्वतःची बोटं दिसत नव्हती, मोजून उभी करायची. शुक्रवारी दुपारी तो जरा डुलकी घ्यायला आडवा झाला, तर पापण्या मिटल्या म्हणून तिनं किंकाळी फोडली आणि त्याला गदागदा हलवून जागं केलं. तो चिडला, मग तिचं तोंड बघून उठून बसला.

रविवार उजाडला, दुपार झाली, कर्टिसचे डोळे लख्ख होते. त्यानं पुन्हा फोन केला. नर्स म्हणाली, अजून काही दिवस लक्ष ठेवा, पण मोठा धोका टळला असं समजायला हरकत नाही. रने न्हाणीघरात जाऊन रडून आली.

लिओटानं मारेनला जवळ बोलावलं. "बाळासाठी ठेवलेले दोन तुकडे आहेत ना? ते दे मला. बाळाला मी दुसरी लोकर देईन, मऊ."

दाराशी खुंटीवर गाडीची किल्ली होती. तिनं ती चाचपून काढली, तिच्या कडीत एक तुकडा ओवला आणि दोन गाठी मारल्या. दुसरा तुकडा प्रेशरच्या पातेल्याच्या कानाला बांधला. पहिल्यांदा गाठ सुटली. पुन्हा बांधली.

मग किल्ली परत खुंटीला अडकवून ती कर्टिसच्या खुर्चीपाशी गेली.

"किती बोटं?" तिनं विचारलं.

"आई, आता पुरे की."

"सांग."

"चार," कर्टिस म्हणाला. खुंटीवरच्या किल्लीच्या लाल लोकरीकडे बघत, तिच्या हाताकडे न बघताच.