खाणीखालची विहीर

फारुकचाचा हातखंब्याच्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. मुदत संपलेल्या औषधांची विल्हेवाट त्यांच्याकडे असे. दुसऱ्या कुणी खोकं उकिरड्यावर फेकलं असतं. चाचा एकेक गोळी पाकिटातून काढून पाण्यात विरघळवत, पोरांच्या हाती लागायला नको म्हणून, आणि ते पाणी आमच्या वाडीवरच्या बंद चिरेखाणीत ओतत. जांभ्या दगडात ते बघता बघता जिरून जाई. काम कसं स्वच्छ झालं, असं त्यांना वाटे.

खाणीच्या खाली गोदूबाईंची विहीर आहे. अर्धी वाडी तिथंच पाणी भरते. जिरलेलं पाणी खालच्या विहिरीला लागतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. चाचांच्या ते निवृत्त झाल्यावर ध्यानात आलं.

त्या वर्षी पाण्यातून औषधांचे अंश काढणं हा माझा इंजिनिअरिंगचा प्रकल्प होता. चाचांनी विहिरीच्या पाण्याची बाटली आणून दिली, सगळं सांगितलं आणि कुठं बोलणार नाही असं वचन घेतलं. पाणी नितळ होतं, चवीला गोड. कॉलेजच्या यंत्रावर मात्र त्यात एका अँटिबायोटिकचा अंश निघाला. लगेच कुणी आजारी पडणार नाही, पण जंतू अशा औषधाला सरावतात, असं मी त्यांना समजावलं. गोदूबाई आयुष्यभर चाचांच्या हातची गोळी कसली ते न विचारता घेत आल्या होत्या. गोदूबाईंना न कळता पाणी स्वच्छ व्हायला हवं, एवढंच चाचांचं मागणं होतं.

मग आम्ही कोळसा केला. करवंट्यांचा चुरा तांबड्या मातीच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा आणि झाकबंद डब्यात, आत हवा न जाऊ देता भाजायचा. मातीतलं लोह कोळशावर बसतं आणि औषध त्याला जास्त घट्ट चिकटतं. धुतलेला कोळसा पिंपात भरून विहिरीवरच्या पंपाचं पाणी त्यातून नळाला सोडलं. पाणी गोड व्हावं म्हणून, असं चाचांनी वाडीला सांगितलं. पुढच्या तपासणीत औषध सापडलं नाही. चाचांनी मला जेवायला बोलावलं.

पावसाळ्यानंतर ते पुन्हा सापडलं. कोळसा औषधानं भरून गेला होता. बदलावा लागणार होता. किती वेळा, असं चाचांनी विचारलं. वरून औषध येतंय तोवर, मी म्हटलं.

जुना कोळसा आम्ही गोणपाटावर काढला. मी नवा भरत होतो, तेवढ्यात गोदूबाई टोपली घेऊन आल्या आणि जुना कोळसा तीत भरू लागल्या. कोळसा, राख, माशांचं पाणी, त्यांच्या घरातलं सगळं आंब्याच्या कलमाच्या बुडाशी जातं. त्यांचं कलम विहिरीच्या वरच्या अंगाला होतं, म्हणजे कोळशातलं औषध पुन्हा विहिरीतच उतरणार. चाचांनी टोपली धरली.

"तो नको, गोदू."

"का रं? कोळशात सोनं हाय का तुज्या?"

थाप मारणं सोपं होतं. पण टोपली न सोडता चाचांनी खाणीचं सगळं सांगितलं.

"म्हंजे माका इतकी वर्सं न इचारता औषध पाजलंस," गोदूबाई म्हणाल्या. "आनि वर माज्याच घरी चाय पितोस."

त्या टोपली तिथंच टाकून गेल्या. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. वाडीच्या सभेत चाचांना नको नको ते ऐकावं लागलं, पण खाणीतला गाळ उपसायचं ठरलं. गाळ आणि जुना कोळसा सिमेंटच्या टाकीत बंद झाला. आता औषध दर तपासणीला कमी निघतं. अजून शून्य नाही.

ताप आला तर कुणी चाचांकडे जात नाही. गोदूबाईही नाहीत. पिंपाचा कोळसा मात्र अजून चाचाच बदलतात. गोदूबाई हंडा घेऊन येतात, नळाशी थांबतात आणि विचारतात, "भरू?" चाचा हो म्हणेपर्यंत त्या हंडा खाली ठेवत नाहीत.